मागची सीट

सिग्नल लाल होता, रस्ता कोरडा होता, कुणी धक्का मारला नव्हता, आणि तरीही त्याची मोटरसायकल पडली. हे तीन मुद्दे तो नंतर दिवसभर स्वतःला सांगत राहिला, जणू कुणी त्याची उलटतपासणी घेत होतं. थांबताना त्याने डावा पाय खाली टेकवला, तो नेमका गटाराच्या झाकणाशेजारच्या खळग्यात गेला, चार बोटं खोल. त्या चार बोटांत सव्वादोनशे किलोंचं धूड एका बाजूला कललं. पडायला गाडीने भरपूर वेळ घेतला, हे सगळ्यात वाईट. हँडल धरून ठेवायला वेळ मिळाला, मांडी थरथरायला लागली ते कळायला वेळ मिळाला, आणि मग एका ठरावीक कोनानंतर हातांनी परस्पर सोडून दिलं. गाडी जवळजवळ अदबीने आडवी झाली. तो तिच्या शेजारी उभा. मागे हॉर्न सुरू झाले. त्याने वाकून दोन्ही हात घातले, गाडी वीतभर वर आली आणि पुन्हा बसली. दुसऱ्यांदा तेवढीही आली नाही. मग बसचा ड्रायव्हर खाली उतरला, एक बाई हातातली पिशवी फुटपाथवर ठेवून आली, आणि तिघांनी मिळून ती उभी केली. बाईने हात झटकले, पिशवी उचलली आणि अगदी मायेने म्हणाली, "काका, आता हलकी गाडी घ्या."

शिवी दिली असती तर परवडलं असतं. ती माया त्याच्या कानात माशीसारखी घोंगावत राहिली. वाकलेला क्लचचा दांडा हातात धरून तो कसाबसा कामावर पोचला, दोन जिने चढला, एप्रन घातला आणि समोरच्या प्लास्टरच्या जबड्याकडे बघत बसला. तो कवळ्या बनवायचा. शहरातले सात-आठ दातांचे डॉक्टर त्याच्याकडे मापं पाठवत, आणि तो त्यावरून गुलाबी मेणात एकेक दात बसवत जायचा. अठ्ठावीस वर्षं हेच. केसभर दात उंच राहिला तर माणसाला जेवण गोड लागत नाही, बोलताना शिटी वाजते, आठवड्याने ती कवळी पेल्यात पडून राहते. त्याच्या हाताला ती केसभर उंची डोळे मिटून कळायची. आणि त्याच हाताला आपल्या पायाखालचा चार बोटांचा खळगा कळला नाही. त्याने जबडा उलटा करून ठेवला. त्रेपन्न हे काय पडायचं वय आहे? बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही. दुपारीच क्लचचा दांडा बदलून घेतला आणि रात्री जेवताना नुसतं म्हणाला, "गाडी जुनी झालीय. बदलावी म्हणतो." ती म्हणाली, "बदल की," आणि त्याला उगीचच राग आला. काहीतरी विचारायला हवं होतं तिने. विचारलं असतं तरी राग आलाच असता, हेही त्याला माहीत होतं.

मग सुरू झालं ते सगळं. जेवणाच्या सुट्टीत, डॉक्टरांची वाट बघताना, प्लास्टर सुकेपर्यंतच्या वीस मिनिटांत तो फोनवर गाड्या बघायचा. लांबच्या प्रवासाला चालेल अशी, कच्च्या रस्त्यावर रडणार नाही अशी, फार मोठी नाही, फार छोटी नाही, आणि मुख्य म्हणजे हलकी. एवढंच तर मागणं होतं. पण व्हिडिओत गाड्या तपासणारे जगातले सगळे सहा फुटी निघाले. ते हसत हसत सीटवर बसत, दोन्ही पाय ऐसपैस जमिनीला टेकवत आणि म्हणत, उंचीचा तर काही प्रश्नच नाही. नसेलच. तुमच्या तोंडाचं माप घेऊन मी दुसऱ्याची कवळी बनवली तर चालेल का, असं तो फोनला मोठ्याने विचारायचा. अडीचशे सीसीची हलकी, पण हमरस्त्यावर तासन्‌तास पळवली की हातापायांना मुंग्या आणते म्हणे. साडेचारशेची दमदार, पण तिचं वजन लिहिलेलं वेगळं आणि टाकी भरल्यावरचं वेगळं, हे कागदावर इतक्या बारीक अक्षरांत की त्याने कामाचं भिंग लावून वाचलं. तिसरीची चाकं छान, सीट म्हणजे फळी. एकाने शपथेवर सांगावं की हीच घ्या, दुसऱ्याने त्याच गाडीचं नाव घेऊन कपाळावर हात मारावा. त्याने वहीत रकाने आखले, आठवड्याने खोडले, पुन्हा आखले. हलकं हवं तर ताकद जाते, ताकद हवी तर उंची वाढते, उंची कापली तर खालून दगड लागतो. कुठूनही धरा, एक कोपरा उघडाच. त्याचा जीव मेटाकुटीला आला.

खाली चष्म्याचं दुकान होतं. दुकानदार त्याचा जुना मित्र, स्वतः मोटरसायकलवर चार देश पालथे घातलेला, आणि ते दर पाच मिनिटांनी आठवण करून देणारा. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. एका दुपारी वही घेऊन तो खाली उतरला.

"मला एक सांग," तो म्हणाला, "सरळ उत्तर दे. कोणती घेऊ?"

चष्मेवाल्याने वही वाचली. एका चष्म्याने वाचली, मग दुसरा लावून वाचली. "प्रत्येकीत काहीतरी आहे," तो म्हणाला.

"ते मला दिसतंय. कोणती घेऊ?"

"बघ, जायचं कुठे आहे, त्याच्यावर अवलंबून असतं."

"घाटापलीकडच्या तळ्यापर्यंत. बाराशे किलोमीटर. शेवटचे दीडशे कच्चे."

"मग तसं असेल तर," चष्मेवाल्याने पहिला चष्मा पुन्हा लावला, "मी घाई करणार नाही."

"अरे दोन महिने झाले!"

"तेच म्हणतोय मी. दोन महिन्यांत कुणी गाडी ठरवतं का?"

तो वही ओढून घेऊन वर निघून आला. जिन्यात त्याच्या लक्षात आलं की तळ्याचं नाव आपण साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने घेतलं. मेण गरम करताना त्याचा हात थांबला. ते तळं त्याने बघितलेलं नव्हतं. बघायला निघाले होते दोघं, तो आणि बायको, याच जड गाडीवरून. मागच्या सीटवर ती चोवीस वर्षं बसत होती. बायको पोहायला शिकवायची. तिच्या केसांना कायम तलावातल्या क्लोरीनचा वास, आणि अंग असं सैल की पाण्यात असल्यासारखं. गाडीवरही ती तशीच बसायची. तो डावीकडे झुकला की ती झुकायची, वेगळं काही करायचीच नाही. कितीदा तर तो विसरूनच जायचा की मागे कुणी आहे, आणि मग पन्नास किलोमीटर न बोलल्यानंतर ती एकदम कानाशी म्हणायची, "त्या म्हशीला एकच शिंग होतं, बघितलंस?" त्या दिवशी तळं अकरा किलोमीटर राहिलं होतं. वळणावर खडी होती. पुढचं चाक गेलं. त्याला साधं खरचटलंसुद्धा नाही, तिचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ती रस्त्यावर बसून राहिली, हात मांडीवर ठेवून, आणि पहिलं वाक्य काय, तर "तुला लागलं का?" त्या वाक्यासाठी त्याने तिला अजून माफ केलेलं नाही.

मनगट बरं झालं. चार महिन्यांनी ती पुन्हा पाण्यात उतरली, सहा महिन्यांनी पुन्हा मागे बसली, आपणहून. आणि पहिल्याच वळणाला त्याला कळलं. तिच्या मांड्या आवळल्या. किंचित. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, त्याला कळलं, जसा केसभर उंच दात कळतो. मग प्रत्येक वळणाला तेच. ती हसत होती, बोलत होती, पूर्वीसारखी शिंगंबिंगं मोजत होती, आणि तिचं अंग मात्र त्याच्या पाठीला स्वतंत्रपणे कळवत होतं की माझा तुझ्यावर भरवसा नाही. तीन वर्षं तो ते निवेदन पाठीवर वाहत होता. कधी बोलला नाही. बोलणार काय? भिऊ नकोस? पाडलं कुणी होतं?

शेवटी एका शनिवारी वैतागून तो शोरूममध्ये गेला. विक्रेता तरुण, इस्त्रीतला, हातात टॅबलेटची चकचकीत पाटी. "सर, तुमचा वापर कसा असणार आहे, त्यावरून आपण..."

"ही आडवी करा," तो म्हणाला. समोर दीडशे किलोंच्या आसपासची, उंच, अरुंद, मातकट रंगाची एक गाडी होती.

"सर?"

"जमिनीवर. आडवी. मला उचलून बघायची आहे."

विक्रेता हसला. मग हसणं थांबवून आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने सांगितलं की असं करता येत नाही. त्याने विचारलं, का? मॅनेजर म्हणाला, आजपर्यंत कुणी मागितलं नाही. "लोक चालवून बघतात," मॅनेजर म्हणाला. "चालवता मलाही येते," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका चढला की पलीकडे स्कूटरची डिकी उघडून बघणारं एक कुटुंब वळून बघायला लागलं. "चालवण्यासाठी नाही बदलत मी गाडी. पडल्यावर उचलता यावी म्हणून बदलतोय. आणि ते तुमच्या एकाही कागदावर लिहिलेलं नाही!" हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला होता, तेही अनोळखी माणसांपुढे. मॅनेजरने त्याच्याकडे जरा बघितलं, मग मागून मोठी खोकी मागवली, ती फाडून फरशीवर अंथरली, आणि चौघांनी ती गाडी बाळाला झोपवावं तशी आडवी केली. त्याने गाडीकडे पाठ केली. वाकला, बूड सीटला टेकवलं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा दांडा धरला, आणि लहान लहान पावलं टाकत मागे मागे चालायला लागला. अत्यंत हास्यास्पद दिसत असणार. पण गाडी आली. गुडघे कुरकुरले, कानशिलं तापली, आणि गाडी त्याच्या पाठीमागे उभी राहिली. स्कूटरवाल्या कुटुंबातल्या आजींनी टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. सीट बोटभर उंच होती, पण फोम त्याने स्वतः कापला असता, तापल्या सुरीने. तो तर त्याच्या हातचा मळ.

विक्रेता पाटी घेऊन पुन्हा पुढे आला. "सर, एकटेच जाणार की डबल?"

"एकटाच," तो म्हणाला.

शब्द तोंडातून इतक्या सहज निघाला की तो स्वतःच चपापला. विक्रेता खूश झाला. म्हणाला, मग प्रश्नच मिटला, कारण या गाडीची मागची सीट तशी नावालाच असते. त्याने बघितलं. खरंच, वहीएवढी सीट, मागे उतरती. दोन महिने तो गाड्यांची उंची बघत होता, वजन बघत होता, टाकी, चाकं, साखळी, आणि रकान्यांच्या त्या अख्ख्या वहीत मागच्या सीटसाठी एक रकाना नव्हता. विसरला नव्हता तो. कवळी बनवणारा माणूस दाढा विसरतो का? हलकी, हलकी म्हणत आपण नेमकं कुठलं वजन उतरवायला निघालो होतो, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्या आजींसमोर त्याला लख्ख दिसलं, आणि कान पुन्हा तापले. घरी जाताना त्याने बायकोच्या बाजूने, स्वतःच्या बाजूने, सगळ्या बाजूंनी युक्तिवाद करून बघितले. तिलाच भीती वाटते. तिलाच त्रास. तिच्याच भल्यासाठी. एकही धड उभा राहीना. खरं कारण एवढंच होतं, की पाठीवरचं ते आवळणं त्याला नको होतं.

"मिळाली का?" बायकोने विचारलं. ती केस पुसत होती.

"एक बघितलीय. मागची सीट जरा लहान आहे."

"बसून बघते मी. पुढच्या शनिवारी माझी बॅच नाही."

"अगं, त्यात काय बघायचंय..."

"बसणार मी आहे ना?" ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी ती शोरूमच्या मागच्या रस्त्यावर त्याच्या मागे चढली. चढताना दोनदा पाय अडला. तो निघाला. गोदामांचा मोकळा रस्ता, टोकाला एक वळण. वळण अजून शंभर पावलांवर होतं तेव्हाच मांड्या आवळल्या. तो दात खाऊन वळला, परत आला, थांबला. ती उतरली, हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि त्या सीटकडे बघितलं.

"ही माझ्यासाठी नाही," ती म्हणाली. आणि तिच्या तोंडावर चक्क सुटका होती. "बरं झालं बाई. आता माझ्या हातात कारण आलं."

"कसलं कारण?"

"न बसण्याचं. तीन वर्षं मी भीत भीत बसतेय."

"मग बसत कशाला होतीस?"

"तुला वाटलं असतं, मी तुझ्यावर राग धरलाय म्हणून. तू आधीच इतका..." तिने हात हवेत फिरवला. "तुला वाईट वाटेल म्हणून बसत होते."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि तीन वर्षं एक शब्द बोलली नाहीस?"

"तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं! प्रत्येक वळणाला कळत होतं!"

"मग तू का नाही बोललास?" आता तिचाही आवाज चढला. "मी घाबरून मरतेय हे तुला पाठीला कळतंय, आणि तू मला नेतोयस, आणि मी येतेय! वेडे आहोत का आपण?"

विक्रेता तेवढ्यात धावत आला. त्याला वाटलं भांडण सीटवरून चाललंय. "मॅडम, मागच्या सीटसाठी जाड गादी मिळते..."

"नको!" दोघं एकदम ओरडली. तो बिचारा आल्या पावली परत गेला. ती हसायला लागली. त्याला हसू आलं नाही. तीन वर्षं दोघांनी एकमेकांसाठी फुकट घालवली, हा हिशेब कुणाच्या माथी मारायचा ते त्याला सुचत नव्हतं. मग त्याने तिला सिग्नलचं सांगितलं, ते पडणं, त्या बाईची माया, सगळं. रागारागाने सांगितलं, जणू गटाराचं झाकण तिनेच बसवलं होतं. तिने पूर्ण ऐकलं.

"तू एकटा जा," ती म्हणाली. "ते तळं एकदा बघून ये. मला बसने यावंसं वाटलं तर मी बसने येईन, नाही वाटलं तर नाही. पण मला खरं सांग. तुला नाही भीती वाटत?"

"मला? चालवणाऱ्याला कसली भीती? हँडल त्याच्या हातात असतं."

"बरं," ती म्हणाली. तिच्या त्या 'बरं'चा त्याला आणखी राग आला.

गाडी आली. फोम त्याने दोन संध्याकाळी घरीच कापला, घासला, पुन्हा कव्हर चढवलं. पाय टेकायला लागले. एका बुधवारी सकाळी सामान मागच्या त्या वहीएवढ्या सीटवर बांधून तो निघाला. ती आधीच तलावावर गेली होती, सहाची बॅच. शहर संपलं, गोदामं संपली, उन्हं वर आली. गाडी खरंच हलकी होती, मनात आणलं की वळायची. पाठ मोकळी. कुणी नाही, काही नाही. तो मोठ्याने गायला लागला, बेसूर, आणि बेसूर आहे हे सांगायलाही कुणी नव्हतं. चाळिसाव्या किलोमीटरला सिमेंटचे पाइप बनवायचा कारखाना लागला. त्याच्या फाटकासमोर रस्ता डावीकडे वळत होता आणि ट्रकमधून सांडलेली बारीक खडी वळणभर पसरली होती. फार नाही. मूठभर. आणि त्याच्या मांड्या आवळल्या.

टाकीवर, करकचून. खांदे कानांपर्यंत वर आले, गाणं मध्येच तुटलं. वळण त्याने बैलगाडीच्या वेगाने काढलं आणि पलीकडे जाऊन कडेला थांबला. पाय नीट टेकले. मागे वळून बघितलं, तर सामानाची पिशवी आणि दोन पट्टे. म्हणजे ते आवळणं सगळंच तिचं नव्हतं. किती तिचं होतं आणि किती आपलं, कोण आधी घाबरत होतं आणि कोण कुणाला ते देत होतं, आता कळायला काही मार्ग नव्हता. "अरे काय हे!" तो हेल्मेटच्या आत ओरडला. फाटकावरचा पहारेकरी दचकून उभा राहिला. "काही नाही, काही नाही," त्याने हात केला, हेल्मेट काढलं आणि फोन लावला.

तिचा फोन कपाटात वाजून बंद झाला असणार. त्याने तलावाच्या कचेरीचा नंबर लावला. तिकीट खिडकीवरच्या माणसाने उचलला. मागे पाण्याचा, शिट्टीचा, पोरांच्या किंचाळण्याचा गदारोळ.

"मॅडम पाण्यात आहेत," खिडकीवरचा ओरडला. "काय निरोप?"

"मी नंतर करतो."

"नंतर मी नसतो. आत्ता सांगा, लिहून ठेवतो. मोठ्याने बोला, इथे काही ऐकू येत नाही."

"त्यांना सांगा..." त्याने पहारेकऱ्याकडे बघितलं. पहारेकरी त्याच्याकडे बघत होता. "सांगा, त्यांच्या नवऱ्याचा फोन होता. सांगा, तोही घाबरतो."

"कोण?"

"नवरा!"

"काय करतो?"

"घाबरतो! वळणावर घाबरतो! तोही!"

पलीकडे कागद खसखसला. मग तो माणूस तारेतला मजकूर तपासावा तसा एकेक शब्द सुटा करून, अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागला. "नवरा. वळणावर. तोही. घाबरतो. बरोबर?"

मागची शिट्टी थांबली होती. पोरंही गप्प झाल्यासारखी वाटली.

"बरोबर," तो म्हणाला.